दुसऱ्याची माणसं

“नीळकंठ, या गावात मुली मरतात की मारतात?”

अव्वल कारकून बाबाजीपंतांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि ‘हिवरदरी’ या नावाखाली नखानं रेघ ओढली. उन्हाळा नुकताच लागला होता. तालुक्याच्या कचेरीत आतल्या खोलीत मामलेदारसाहेब बसले होते, म्हणून पंतांचा आवाज खाली होता. एरवी ते हळू बोलणारे गृहस्थ नव्हते.

मी तक्ता पाहिला. बारा वर्षांखालचे मुलगे ब्याण्णव. बारा वर्षांखालच्या मुली एकवीस.

“शेजारची गावं बघ,” पंत म्हणाले. “सत्तर मुलगे, अडुसष्ट मुली. पंचावन्न आणि एकोणसाठ. सगळीकडे उन्नीस-बीस. मग इथल्याच मुली कुठं गेल्या? जमिनीनं गिळल्या?”

हिवरदरी मीच मोजली होती.

त्या वर्षी, म्हणजे अठराशे एक्क्याऐंशी साली, राणी सरकारनं साऱ्या हिंदुस्थानची माणसं एकाच रात्री मोजायचा घाट घातला होता. खानेसुमारी म्हणत तिला. आधी दारांवर कावेनं, म्हणजे तांबड्या मातीनं, आकडे घातले, मग घरोघर फिरून माणसं लिहिली आणि फेब्रुवारीतल्या ठरल्या रात्री पुन्हा फिरून याद्या पक्क्या केल्या. एवढी मोजणारी माणसं आणायची कुठून? शाळामास्तर धरले, कुलकर्णी धरले आणि आमच्यासारखे कचेरीतले उमेदवारही धरले. उमेदवार म्हणजे कायमच्या जागेकडे डोळे लावून फुकट राबणारा कारकून. मी तीन वर्षं राबत होतो. खानेसुमारी निर्मळ पार पडली तर नीळकंठला जागा देऊ, असं साहेब एकदा बोलून गेले होते. बावीस वर्षांच्या मला त्या बोलण्यापलीकडे काही दिसत नव्हतं. तालुक्याचं नाव मात्र मी आजही सांगणार नाही. त्या कचेरीतली माणसं गेली, पण त्यांचे नातू आहेत आणि ते भांडखोर आहेत.

“तुझी मोजणी तर चुकली नाही ना?” पंतांनी विचारलं.

‘चुकली असेल, पुन्हा बघून येतो,’ असं म्हणायला काय झालं होतं? पण चूक कबूल केली की जागा गेली.

“नाही पंत. एकेक घर मी स्वतः लिहिलंय.”

“मग तसं लिहून दे.”

मी लिहून दिलं. हिवरदरीची मोजणी मी जातीनं केली, ती बिनचूक आहे, कळावे. खाली सही केली. पंतांनी शाई टिपली आणि कागद घडी न करता तसाच दप्तरात ठेवला.

“मुली मारण्याविरुद्ध सरकारनं कायदा केलाय, ठाऊक आहे ना? उत्तरेकडं गावंच्या गावं सापडली म्हणे. आपल्या तालुक्यात एक जरी सापडलं तर साहेबांचं नाव थेट मुंबईपर्यंत जाईल.” स्वतःचं नाव कुठवर जाईल ते पंत बोलले नाहीत. “गावात सुईणी किती?”

“एकच. सगुणा म्हणून विधवा आहे.”

“मग प्रश्नच मिटला. मुली तिच्याच हातावर येतात आणि तिच्याच हातानं जातात. तू उद्या जा. कशासाठी आलास ते कुणाला सांगू नकोस. बारा वर्षांत कुणाकडं काय जन्मलं ते त्या बाईच्या तोंडून काढ. शुक्रवारी तुझी हकीकत माझ्या हातात पडली पाहिजे. शनिवारी फौजदार तिला उचलेल.”

मी मान डोलावली. सगुणेचं नाव मीच दिलं होतं, तेही विचारल्या क्षणी, वर्गात हुशार पोरगं उत्तर देतं तसं.

हिवरदरी चार कोसांवर. गावाचा पाटील मानाजी, साठीचा, उंच आणि कमी बोलणारा. फेब्रुवारीत याच पाटलानं मला तीन दिवस चावडीत बसवून ठेवलं होतं. कुणी दाराबाहेर येईना. कुणी म्हणे डोईमागं पट्टी बसणार, कुणी म्हणे काबूलच्या लढाईवर माणसं न्यायची म्हणून मोजतात. घरात भाऊ असला तरी ‘न्हाई’ म्हणून सांगत. शेवटी मी गाव गोळा केलं आणि चावडीच्या पायरीवर उभं राहून भाषण ठोकलं. म्हणालो, “सरकारला फक्त तुमची स्वतःची माणसं पाहिजेत. पाहुणारावळा, आलागेला, दुसऱ्याच्या घरचं माणूस तुमच्या माथी मारणार नाही. ही माझी जबाबदारी.” त्यानंतर गाव मोकळं झालं. त्या भाषणाचा मला इतका अभिमान वाटला होता की घरी आल्यावर आईलाही ते म्हणून दाखवलं होतं.

या खेपेला मी वेशीतून आत शिरलो आणि गाव गप्प झालं. दुपारची वेळ होती हे खरं. पण माझ्या पावलांबरोबर पुढची दारं लोटली जात होती, ती काही उन्हामुळे नव्हे. पारावर चार-पाच मुलगे विटीदांडू खेळत होते. मुलगी मात्र एकही दिसली नाही. पाण्यावर नाही, अंगणात नाही, शेण गोळा करताना नाही. मागच्या खेपेला दिसल्या होत्या का, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवेना. बायाबापड्या जिथं बसतात तिकडे मान वर करून बघायचं नाही, अशी आमच्या घरची शिकवण. मी अंगणात उभा राहून पुरुषमाणसाला विचारायचो आणि तो सांगेल ते लिहायचो.

चावडीमागच्या परसात दोरीवर कपडे वाळत होते. धोतरं, लुगडी, आणि त्यांच्यामध्ये लहान लहान परकर. मी सात मोजले. घर पाटलाच्या भावाचं होतं आणि माझ्या यादीप्रमाणे त्या घरात एकही मुलगी नव्हती.

“पाटील, ते परकर कुणाचे?”

मानाजीनं मागं वळून पाहिलं. मग उठला, सावकाश चालत गेला आणि स्वतःच्या हातानं ते सातही परकर ओढून काखेत मारले.

“पाव्हण्यांचे,” तो म्हणाला. “ऱ्हायले हुते.”

साठीचा पाटील पोरींचे परकर काखेत घेऊन उभा होता.  मेलेल्या पोरींचे कपडे कुणी धुऊन वाळत घालत नाही, एवढा साधा विचारसुद्धा तेव्हा डोक्यात आला नाही. संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की माणसाला सरळ काही दिसत नाही. माझ्या मनात एवढंच आलं की बाबाजीपंत म्हणतात ते खरं आहे, आणि हा म्हातारा सगळं जाणतो.

“कशापाई आलाय रावसाहेब?” त्यानं विचारलं.

“सहज. राहिलेलं काम.”

“सरकारी माणूस सहज येत न्हाई.”

“सगुणा सुईणीकडं जायचंय.”

पाटलाच्या तोंडावरचा रंग पालटला. “तिच्याकडं काय काम? म्हातारी येडी हाय. काय बी बोलंल. तिचं लिवून घिऊ नका.”

हे ऐकून तर माझी खात्रीच पटली.

सगुणेचं घर गावाच्या कडेला, दोन खणांचं. ती ओसरीवर बसून बाळंतिणीसाठी शेपा निवडत होती. पन्नाशी उलटलेली, काटक, कपाळ पांढरं. मला बघून उठली नाही, पण सूप बाजूला सरकवून बसायला जागा केली.

“बसा रावसाहेब. तुमच्या घरी कोन आडलंय का?”

“नाही. थोडं विचारायचं होतं. या गावात किती वर्षं बाळंतपणं करतेस?”

“सासू मेल्यापास्नं. इस-बावीस वर्सं झाली.”

“सगळी तुझ्याच हातची?”

“मग? दुसरं कोन येतंय? पाटलीण आसू दे न्हाईतर आनखी कोन, हितं समदी सारखीच वरडतात.” ती हसली. पुढचे दोन दात पडलेले होते.

मी कागद काढला. “गेल्या बारा वर्षांत मुली किती झाल्या?”

हसू थांबलं. “मुलीच का इचारता? पोरं न्हाई इचारत?”

“पोरं नंतर.”

“रावसाहेब,” ती म्हणाली, “मला लिवाय येत न्हाई. पर माझ्या हातावर उतरलेली एकूनएक पोर मला ठावं हाय. कुनाची नाळ गळ्याभवती हुती, कोन पायाळू हुती, कोन रडली न्हाई आनि मी पाठीवर थापट्या दिल्या. तुमी इचारताय ते कशापाई, त्ये आदी सांगा. मग सांगते.”

गुप्त ठेवायचं होतं. पण तिच्या त्या सरळ बघण्यापुढे मला खोटं सुचेना, आणि खरं सांगायचं तर मला तिला घाबरलेलं बघायचं होतं. चोर घाबरला की बोलतो, असं पंत म्हणायचे.

“माझ्या यादीत मुली एकवीस आहेत आणि मुलगे ब्याण्णव. बाकीच्या मुलींचं तू काय केलंस?”

 आधी तिला समजलंच नाही. मग समजलं. तिचे हात मांडीवर पडून राहिले.

“मी?” ती म्हणाली. “मी काय केलं?” आणि मग एकदम कडाडली, “आरं मुडद्या, ह्याच हातानं मी त्यास्नी जीव दिला! माझी सोताची येक बी जगली न्हाई. लोकाच्या पोरी बघून मी दिस काढले, आनि तू मला हे इचारतोस?”

मला कुणी कधी असं बोललं नव्हतं. मी रागावून उठलो.

“मग त्या आहेत कुठं? दाखव! गावात एक मुलगी दिसत नाही. पाटील परकर लपवतो. काहीतरी काळंबेरं असल्याशिवाय?”

“लपवल्यात,” ती म्हणाली आणि लगेच तोंडावर पदर धरला. बोलायचं नव्हतं ते बोलून गेली होती. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, “पाटलानं शपथ घातलीया. म्या न्हाई सांगनार. गावाच्या इरुद्ध जाऊन मी ऱ्हानार कुठं?”

“शनिवारी फौजदार येईल. तुला तुरुंगात घालतील. कदाचित त्याहून वाईट.”

“घालू द्या.”

ती पुन्हा सूप ओढून शेपा निवडायला लागली. माणूस खरोखर संतापलं की कसं शांत होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मी जायला निघालो. अंगणात उतरलो तेव्हा ती मागून म्हणाली,

“रावसाहेब, तुमचं लगीन झालंय?”

“झालंय.”

“मालकीन कुठंय?”

“माहेरी. लहान आहे अजून, नऊ वर्षांची.”

“मग तुमच्या घरच्या कागदावर तुमी तिला लिवली?”

“नाही. ती आमच्याकडं राहत नाही, तर कशी लिहू? तिच्या वडिलांनी लिहिली असेल.”

“तिच्या बापाला तुमच्यावानी कुनी इचारलं आसंल, की बाबा, तुझी सोताची मानसं सांग, दुसऱ्याची सांगू नगं, तर त्यानं काय सांगितलं आसंल?”

मी अंगणातून पुन्हा ओसरीकडं वळलो.

माझे सासरे दर पत्रात लिहीत, ‘मुलगी आता आपली, आमच्याकडे ठेव म्हणून आहे.’ त्यांनी काय सांगितलं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

“आमच्या गावात पोरगी पाळन्यातच देत्यात,” सगुणा म्हणाली. आता तिचा आवाज कोरडा होता. “बारशालाच पोराकडचं कुंकू येतं. कुंकू लागलं की ती दुसऱ्याची. मोठी झाली की जाती, तवर हितं खाती-पिती, पर आमची न्हाई. ही समद्या गावाची रीत हाय, म्या काय शपथ मोडून सांगितलं न्हाई. तुमी चावडीवर काय बोलला, ते म्या बी ऐकलं हुतं.”

मी चावडीकडे जवळजवळ पळतच गेलो. मानाजी तिथंच बसला होता.

“पाटील, मुली बाहेर आणा.”

“कुठल्या मुली?”

“ज्यांना कुंकू लागलंय त्या. ज्या तुमच्या नाहीत म्हणून तुम्ही सांगितल्या नाहीत त्या. खोटं तुमचं नाही. मी चुकीचं विचारलं होतं.”

त्याचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? “कागदावर येक आनि डोळ्याम्होरं दुसरं, असं झालं की लबाड कोन ठरतो?” त्यानं विचारलं. “सरकार कदी लबाड ठरलंय? तुमी पुन्हा आला म्हनताना आमी वळखलं, की लपवलेली मानसं हुडकाय आलाय. दंड हुईल, न्हाईतर पोरी घिऊन जातील.”

“मी मुलींना न्यायला आलो नाही. सगुणेनं मुली मारल्या, असं कचेरी म्हणते आहे. शनिवारी तिला नेणार आहेत.”

पाटील उठून उभा राहिला. “सगुणीनं?” मग चावडीच्या दारापर्यंत जाऊन परत आला. “लिवून द्या,” तो शेवटी म्हणाला. “चूक तुमची म्हनून लिवून द्या, तर पोरी दाखवतो.”

दुसऱ्यांदा मी माझ्या हातानं लिहिलं. हिवरदरीची मोजणी मी चुकीची केली, गावानं काही लपवलं नाही, दोष माझा. सही करताना ती जागा, ती खुर्ची, डोक्यावरची ती पगडी, सगळं माझ्यासमोरून गेलं. मी रडलो नाही, पण रडू येत होतं. पाटलाला वाचता येत नव्हतं. त्यानं कुलकर्ण्याला बोलावून दोनदा वाचून घेतलं, नक्कल करवून ती मुंडाशात खोवली आणि मूळ कागद मला परत दिला.

मग मुली आल्या. कणगीमागून, गोठ्यातून, माळ्यावरून. एक तर मोठ्या रांजणामागं बसली होती, तिच्या केसांत कोळ्यांची जाळी. कुणाच्या कडेवर दोन वर्षांची, कुणाच्या गळ्यात काळी पोत, कपाळावर बोटभर कुंकू. एकजण, सात-आठ वर्षांची, सारखी म्हणत होती, “मला हितं लिवू नगा, मी वाघोलीची हाय.” तिनं वाघोली अजून पाहिलीसुद्धा नव्हती. मी प्रत्येकीला समोर उभं करून, डोक्याला हात लावून मोजलं. अडुसष्ट भरल्या. आधीच्या, कुंकू न लागलेल्या एकवीस धरून एकोणनव्वद. सूर्य मावळतीला गेला तेव्हा माझे हात खरोखर हलके झाले होते. मला वाटलं, वेळेवर झालं, बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी कचेरीत पोहोचलो. बाबाजीपंतांनी नवी यादी आणि माझा कबुलीचा कागद वाचला आणि पहिल्यांदा दार लावून घेतलं.

“हे साहेबांना दाखवायचं नाही,” ते म्हणाले. “तुझा पहिला कागद माझ्याकडं आहे. हा कशाला देतोस? गावानं मुली लपवल्या होत्या, तू शिताफीनं शोधल्यास, असं लिही. गावाला दंड होईल. तुझी जागा तुझ्याकडं, माझी अब्रू माझ्याकडं.”

“पण त्यांनी लपवल्या नव्हत्या.”

“काल लपवल्या होत्या की नाही?”

“काल लपवल्या. माझ्यामुळं.”

“नीळकंठ, तुझी आई कुणाच्या आशेवर बसलीय?”

खोटं कशाला बोलू, मी डळमळलो. किती वेळ, ते सांगत नाही. पंत माझ्याकडे बघत होते आणि मी लेखणीकडे. अखेर मी विचारलं, “निदान फौजदाराला उद्या जाऊ नका म्हणून तरी सांगा.”

पंतांनी मान वळवली.

“तो पहाटेच गेला आणि तिला घेऊन आलासुद्धा. साहेबांना शनिवारपर्यंत धीर नव्हता.”

मी जंगलातल्या जवळच्या वाटेनं आलो होतो, फौजदार गाडीरस्त्यानं गेला होता. आमची चुकामूक झाली होती. कचेरीच्या पाठीमागच्या खोलीत मी जाऊन बघितलं. सगुणा भिंतीला टेकून बसली होती. दोन शिपाई बाहेर होते आणि रस्त्यावर बघ्यांची गर्दी होती. कुणीतरी तिच्या अंगावर शेण फेकलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. त्यापेक्षा तिनं पुन्हा ‘मुडद्या’ म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी पंतांना न विचारता आतल्या खोलीचं दार ढकललं.

साहेबांनी पंतांकडून पहिला कागद मागवला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. सही एकाच माणसाची, मजकूर एकमेकांच्या उलट. त्यांनी विचारलं, यातला कोणता खरा? मी म्हटलं, दुसरा. तुला तुझ्या जागेचं काय होईल ते कळतं ना? कळतं, म्हटलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. गावानं लाच दिली असेल, असं त्यांना वाटलं, म्हणून दुसरा माणूस पाठवून मुली पुन्हा मोजवल्या. त्याला चार दिवस लागले. तेवढे चार दिवस सगुणा त्या खोलीत होती. पाचव्या दिवशी तिला सोडलं आणि त्याच दिवशी माझं नाव उमेदवारांच्या यादीतून खोडलं. छापील तक्त्यात हिवरदरीच्या मुली एकोणनव्वद आल्या. आकडा एकदम नीट दिसतो, मी पाहिला आहे.

मला वाटलं, गोष्ट संपली.

पुढं मी शाळामास्तर झालो. फिरत फिरत हिवरदरीपासून दीड कोसावरच्या गावात बदली झाली. बायको नांदायला आली, आई सोबत होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगा झाला. दुसऱ्या खेपेला सासूबाई राहिल्या नव्हत्या, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी करायचं ठरलं.

“सगुणेला बोलावतो,” मी म्हणालो.

आईनं हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं. “त्या बाईला? जिला पोरी मारते म्हणून धरली होती?”

“तिनं काही केलं नव्हतं.”

“मग धरली कशाला? विस्तवाशिवाय धूर निघतो होय रे? चार गावांत तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही आता. तिच्या गावातसुद्धा शेजारगावची सुईण आणतात.”

हे मला ठाऊक नव्हतं. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली होती, मी एवढ्या जवळ राहत होतो आणि मला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. मी आईला म्हणालो, “तिला धरायला लावलं ते मी. नाव मी दिलं. सही माझी.” आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिला हे मी सांगितलं नव्हतं. जागा गेली ती साहेबाच्या लहरीमुळं, असंच ती शेजारणींना सांगत आली होती.

मी स्वतः गेलो. सगुणा आता वाकली होती. तिनं मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. कुणाचं बाळंतपण, कितवा महिना, पहिलं कसं झालं, एवढंच विचारलं. “दुसरी सुईण मिळंना व्हय?” एवढा एकच टोमणा मारला. पण दिवस भरले तेव्हा बोलावण्याआधीच दारात उभी राहिली.

सकाळची वेळ होती. मी ओसरीवर येरझाऱ्या घालत होतो. आतून बायकोचं कण्हणं, आईचं रामनाम आणि सगुणेचा आवाज, “आनखी येक, माझी बाय, आनखी येक.” मग बाळ रडलं. खणखणीत रडलं. मी डोळे मिटून हात जोडले.

इतक्यात दार उघडलं आणि सगुणा उंबऱ्याशी आली. “मास्तर, आत या.”

“अगं बाई, पुरुषमाणसाला बाळंतिणीच्या खोलीत?” आई आतून ओरडली. “नाळसुद्धा कापली नाही अजून!”

“म्हनून तर बोलावते. त्या सालापास्नं मी येक नेम धरलाय. घरचा पुरुष आनि बाहेरची दोन मानसं बघितल्याबिगर नाळंला इळा लावत न्हाई. शेजारच्या दोघी आल्यात. तेवडे तुमी ऱ्हायलाय.”

मी आत गेलो. शेजारच्या दोन बायका भिंतीशी उभ्या होत्या, तोंडावर पदर घेऊन. सुपात फडक्यावर ते लालबुंद पोर हातपाय झाडत होतं. सगुणा गुडघ्यावर बसली, तिनं विळा खाली ठेवला आणि दोन्ही हात, तळवे वर करून, माझ्यापुढे धरले.

“पोरगी हाय, मास्तर. जिती हाय, रडतीया. नीट बघून घ्या,” ती म्हणाली. “बघितली? मग सांगा, कापू का?”